हिरव्या वाटीतला लाल : कोमाची-बेनी घ्यावी का?

कोमाची-बेनीची वाटी पहिल्यांदा उघडणाऱ्याला वाटतं, दुकानदारानं भलतंच काहीतरी बांधून दिलं. पैसे मोजलेले असतात ओठांच्या लाल रंगाचे आणि चिनी मातीच्या त्या घोटभर वाटीला आतून लेप असतो हिरवा. साधा पानाचा हिरवा नव्हे. त्याला पितळेची झाक असते आणि वाटी फिरवली की तो कधी सोनेरी, कधी जांभळट दिसतो. जपानीत या झळाळीला तामामुशी-इरो म्हणतात, तामामुशी या चकचकीत पाठीच्या भुंग्यावरून. ओल्या कुंचल्याचं टोक त्या हिरव्यावर टेकवलं की पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवा विरतो आणि गडद लाल वर येतो. बाजूचा कोरडा भाग तसाच हिरवा राहतो. वाटी थोडा वेळ उघडी ठेवली की ओला डाग वाळतो आणि पुन्हा हिरवा होतो.

करडईच्या पाकळ्यांपासून काढलेला हा लाल म्हणजे बेनी. बनवणारं घर इसेहान होन्तेन. स्थापना १८२५ ची, एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत. एदो काळापासून (१६०३ ते १८६८) बेनीचा धंदा अखंड चालवणारं हे शेवटचं घर मानलं जातं. याच समूहाची 'किस मी' ही आजच्या पद्धतीची प्रसाधनंही बाजारात आहेत, पण कोमाची-बेनीचा त्यांच्याशी संबंध फक्त मालकीपुरता. इथं तेल नाही, मेण नाही, सुगंध नाही. वाटीत जे आहे ते करडईचं लाल.

निकाल आधीच सांगून टाकतो. रोजची लिपस्टिक म्हणून पाहिलं तर ही महाग, नाजूक आणि थोडी कटकटीची चीज आहे. पण जपानी परंपरेत लाल रंगाला एवढं वजन का होतं, हे वाचून नव्हे तर वापरून समजून घ्यायचं असेल, तर पैसे वाया जात नाहीत. वाटीच्या नक्षीप्रमाणे किंमत बदलते, पण दहा हजार येनच्या खाली नवी वाटी मिळेल अशी आशा धरू नका. म्हणजे आपले साडेपाच-सहा हजार रुपये आणि त्याच्या पुढे. मागवली तर वर टपाल आणि कस्टम.

एवढे पैसे कशाचे, याचं उत्तर झाडातच आहे. करडईच्या फुलात पिवळा आणि लाल असे दोन प्रकारचे रंग असतात. पिवळा पाण्यात सहज विरघळतो आणि तोच जवळजवळ सगळा असतो. लाल, ज्याला रसायनशास्त्रात कार्थामिन म्हणतात, तो एकूण रंगाच्या साधारण १ टक्का. बेनी काढणं म्हणजे हा ९९ टक्के पिवळा हाकलून उरलेला १ टक्का पकडणं. पिवळ्याचा अंश राहिला की लाल नारिंगीकडे झुकतो आणि हिरवी झळाळी येतच नाही.

कामाची सुरुवात शेतात होते. जपानमध्ये या फुलाचा मुलूख म्हणजे उत्तरेकडचा यामागाता प्रांत आणि तिथलं मोगामी नदीचं खोरं. 'मोगामी बेनीबाना' या पिकाला २०१९ मध्ये जपानच्या कृषी वारशाचा दर्जा मिळाला. जुलैच्या सुरुवातीला, पंचांगातल्या हांगेशो या दिवसाच्या सुमारास, शेतात एखादंच फूल आधी उमलतं आणि मग बाकीचं शेत फुलतं, असं तिकडे म्हणतात. तोडणी पहाटे करतात, कारण दवानं काटे मऊ पडलेले असतात. ऊन वर आलं की तेच काटे बोटं फाडतात. बोंड तोडत नाहीत, फक्त पाकळ्या चिमटीनं उपटतात.

पाकळ्या पाण्यात तुडवून धुतात, पिवळा बराचसा वाहून जातो. मग त्या सावलीत चटईवर पसरून, वरून दिवसातून अनेकदा पाणी शिंपडत दोन-तीन दिवस ठेवतात. याला 'फूल निजवणं' म्हणतात. गंमत अशी की ताज्या पाकळीत लाल पूर्ण तयार झालेलाच नसतो. त्याचा आधीचा पदार्थ असतो आणि हवा व ओल मिळाली की त्याचं कार्थामिन होतं. त्यामुळे ही पायरी घाईनं उरकली तर पुढे कितीही कौशल्य लावा, लाल कमीच निघतो. निजवलेल्या पाकळ्या चिकट लाल होतात. त्या कुटून, चपट्या वड्या थापून उन्हात वाळवतात. हीच बेनी-मोची. एदो काळात या वड्या मोगामी नदीतून साकाता बंदरात, तिथून जहाजानं त्सुरुगाला आणि पुढे क्योतोच्या रंगाऱ्यांकडे जात. 'एक मोम्मे बेनी, एक मोम्मे सोनं' अशी तेव्हाची म्हण होती. एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम.

बेनी-घरातलं काम त्यानंतरचं. वड्या पाण्यात भिजवून उरलासुरला पिवळा काढायचा, मग क्षाराच्या पाण्यात टाकायच्या. पूर्वी राखेचं पाणी वापरत. लाल रंग क्षारात सुटतो. त्या पाण्याला आंबट करायचं आणि त्यात अंबाडीसारख्या धाग्याच्या जुड्या बुडवायच्या. लाल धाग्याला धरतो, पिवळा पाण्यातच राहतो. जुड्या पिळून, पुन्हा क्षारानं लाल सोडवून, शेवटी उबाईचं पाणी घालायचं. उबाई म्हणजे धुरात काळी केलेली जपानी उमे फळं. त्यांच्या आंबटपणानं रंग तळाशी बसतो. तो गाळून जो ओला लगदा मिळतो तो कुंचल्यानं वाटीच्या आतून एका हातानं फिरवत लावतात. लेप जाड-पातळ झाला तर वाळताना झळाळी ठिगळाठिगळांची दिसते. वाटी विकत घेताना पाहायची गोष्ट हीच. आतला हिरवा सगळीकडे सारखा हवा, काठाशी लाल ओरखडे नकोत.

पारंपरिक समज असा की हिवाळ्यातली, कडाक्याच्या थंडीतली बेनी सर्वांत चांगली. तिला कान-बेनी म्हणत. त्यातही त्या दिवसांत, बारा प्राण्यांच्या जपानी पंचांगातल्या बैलाच्या दिवशी विकली जाणारी उशी-बेनी उत्तम मानत आणि घेणाऱ्याला बैलाची छोटी मूर्ती भेट मिळे. विक्रीची युक्ती म्हणून हसता येईल, पण थंडीत ओला लगदा आंबत नाही आणि रंग मळत नाही, हे खरं आहे.

आता अर्थाकडे. जपानी परंपरेत 'लाल म्हणजे शुभ' एवढ्यावर थांबलं तर काहीच कळत नाही, कारण तिथले लाल वेगवेगळे आहेत. देवळाच्या तोरीई कमानीचा लाल तो शू. तो मुळात हिंगुळापासून, म्हणजे पाऱ्याच्या खनिजापासून येई. काम राखणीचं, वाईट शक्तींना आत येऊ न देण्याचं. बेनी हा वनस्पतीचा, अंगाला लागणारा लाल. त्याचं काम जीव जपण्याचं. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना करडईचा लाल देत. किमोनोच्या आत मोमी नावाचं करडईनं रंगवलेलं रेशमी अस्तर असे, आणि या रंगानं अंग ऊबदार राहतं, रक्त खेळतं राहतं असा समज होता. देवीच्या साथीत आजारी मुलाच्या उशाशी लाल खेळणी आणि लाल छापील चित्रं ठेवत. आइझू भागातला अकाबेको, मान डोलवणारा लाल बैल, याच समजुतीशी जोडलेला आहे. साठाव्या वर्षी पंचांगाचं चक्र पूर्ण होऊन माणूस पुन्हा बाळ झाला असं धरतात, म्हणून कानरेकीला आजोबांना लाल बंडी आणि लाल टोपी घालतात. जन्माला आणि साठीला तोच रंग येतो तो यामुळे.

काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगपटात हेच तर्कशास्त्र चेहऱ्यावर दिसतं. कुमादोरी या रंगरेषांमध्ये लाल पट्टे म्हणजे शौर्य, न्याय, तारुण्याचा जोर. निळे पट्टे म्हणजे दुष्ट किंवा भूत. तपकिरी म्हणजे माणसाचं रूप घेतलेला राक्षस किंवा प्राणी. एकदा एवढं ध्यानात ठेवलं की रंगमंचावर पात्र येताच पक्ष कळतो, संवादाची गरज पडत नाही.

दुसरी बाजू अधिकाराची. सातव्या शतकापासून दरबारात दर्जाप्रमाणे रंग ठरवले जाऊ लागले आणि जांभळा सर्वांत वर गेला. हेआन काळात (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) करडईचा गडद लालही परवानगीशिवाय घालता येत नसे. सर्वांना मोकळा होता तो फिका गुलाबी. एक किन, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम फुलांत रेशमाचे दोन तागे रंगवायचे, असं त्याचं प्रमाणच ठरलेलं होतं. म्हणजे गुलाबी हा वेगळा रंग नव्हता, काटकसरीचा लाल होता. पुढे एदो काळात नगरवासीयांना भडक लाल-जांभळ्याची बंदी आली, तेव्हा लोकांनी बाहेरून तपकिरी आणि राखाडी घालून आतून लाल अस्तर लावलं. 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी' हा वाक्प्रचार त्याच काळातला. एकेका तपकिरीला नटांची नावं पडली. बंदीनं रंग कमी होण्याऐवजी वाढले ते असे.

चेहऱ्यावर तीनच रंग असत : पांढरा, काळा, लाल. पांढरी ओशिरोई पावडर, काळे दात आणि बेनीचे ओठ. मराठी वाचकाचा इथं हमखास घोळ होतो. आपल्याकडे लाल कुंकू सौभाग्याचं, म्हणून लाल ओठ हीच तिकडच्या लग्न झालेल्या बाईची खूण असावी असं वाटतं. तसं नाही. ती खूण होती दात काळे करण्याची, ओहागुरोची. लोखंड आंबवलेलं पाणी आणि झाडाच्या गाठींची तुरट पूड एकत्र करून दातांना लावत. १८७० मध्ये सरकारनं सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करायला सांगितली, १८७३ मध्ये सम्राज्ञीनं स्वतः सोडली, आणि मग ती हळूहळू मोडली. तिघांतला काळा असा गेला, लाल मात्र टिकला.

वापरायची रीत नीट पाळली तरच बेनी जमते. ओठांवर तेल, तूप, व्हॅसलिन, बाम काहीही नको. पाण्यातला रंग तेलकट ओठावर थेंब थेंब होऊन सरकतो. कुंचला बारीक, टोकदार घ्या. टोक पाण्यात बुडवून कागदी रुमालावर एकदा टेकवा, म्हणजे थेंब लोंबता राहणार नाही. वाटीत एकाच जागी, काठाकडून सुरुवात करून दोन-तीन वेळा फिरवा. कुंचल्यावर दाट लाल आला पाहिजे. सगळ्या वाटीत पाणी फिरवू नका. जितका भाग ओला कराल तितका तो धुळीनं आणि बोटांच्या तेलानं मळतो. ओठाच्या मध्यातून कडेकडे लावा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि अर्धा मिनिट बोलू नका. पहिला थर पारदर्शक, गुलाबी-जर्दाळू छटेचा असतो. वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या-चौथ्या थराला ठाम लाल येतो.

चुका ठरलेल्या आहेत. पाणी जास्त झालं की रंग ओठांच्या रेषांत साचतो आणि कडा गडद, मधला भाग फिका अशी भेग दिसते. पाणी कमी झालं की कुंचला ओरखडतो आणि हिरव्या कणांचे ठिपके बसतात. पहिला थर ओला असताना दुसरा लावला तर खालचा उखडतो. ओठ फुटलेले असतील तर सालपटांवर रंग जास्त धरतो आणि तेच उठून दिसतात. अशा दिवशी बेनी लावूच नये. आदल्या रात्री बाम लावून सकाळी तो पूर्ण पुसून घ्यावा.

आता गव्हाळ आणि सावळ्या ओठांबद्दल, कारण परदेशी परीक्षणं याबद्दल काही बोलत नाहीत. बेनी अपारदर्शक नाही. लिपस्टिकप्रमाणे खालचा रंग झाकत नाही, त्याच्यात मिसळते. फिक्या गुलाबी ओठांवर एका थरानं जो फरक पडतो तो आपल्यापैकी बहुतेकींच्या ओठांवर दिसणारही नाही. तीन थर किमान धरा, आणि तरीही हाती येईल तो विटकरीकडे झुकणारा, खोल लाल, जाहिरातीतला टपोरा लाल नव्हे. हे जिला पटणार नसेल तिनं पैसे वाचवावेत.

मात्र दुसऱ्या एका खेळात सावळे ओठ पुढे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बुन्का-बुन्सेई काळात (१८०४ ते १८३०), एदोत सासाबेनीची टूम निघाली. खालच्या ओठावर बेनीचे इतके थर द्यायचे की वाळल्यावर ओठच हिरवा चमकेल. चित्रकार केइसाई एइसेनच्या छापील चित्रांतल्या सुंदरींचे खालचे ओठ हिरवे दिसतात ते यामुळे. पण एका वेळेला एवढी बेनी परवडणार कोणाला? मग बायकांनी युक्ती काढली : आधी ओठावर शाईचा काळा हात, त्यावर बेनीचा थोडा थर. खालची जमीन गडद असली की लाल प्रकाश परत येत नाही आणि वरची हिरवी चमक लवकर दिसते. हाच नियम आपल्या ओठांना लागू पडतो. पाच-सहा दाट थरांत गडद ओठांवर सोनेरी-हिरवी झाक येते. रंगभूमी, नृत्य किंवा छायाचित्रणासाठी वापरायची तर कोमाची-बेनीचा सर्वांत देखणा उपयोग मला हाच वाटतो. शाई मात्र ओठांना लावू नका. आजच्या बाटलीतल्या शाईत काय असतं ते सांगता येत नाही. काळी लिपलायनर पेन्सिल पुरते, फक्त ती मेणकट नसावी, नाहीतर वर बेनी धरत नाही.

हिरवी झळाळी म्हणजे अस्सलपणाचा शिक्का, असं विक्रेते सांगतात. अर्धंच खरं आहे. दाट थरात वाळलेले अनेक कृत्रिम रंगही अशीच धातूची चमक देतात. जेन्शन व्हायोलेटचे, म्हणजे जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचे, स्फटिक पाहिलेत तर तेही हिरवट पितळी दिसतात. त्यामुळे जुन्या बाजारात किंवा संकेतस्थळावर स्वस्त 'बेनी' दिसली तर चमकेवर भुलू नका. घटकांच्या यादीत फक्त करडईचा लाल आहे का ते पाहा. घरी तपासायचं तर ओल्या कागदावर एक ठिपका देऊन त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी सोडा. करडईचा लाल क्षारात नारिंगी-पिवळसर होऊन उतरतो, बहुतेक कृत्रिम लाल तसेच राहतात.

टिकण्याबद्दल : पूर्ण वाळलेली बेनी चहाच्या कपाला फारशी लागत नाही, मास्कला लागत नाही, पण ओठ पुन्हा पुन्हा चाटले तर मधला भाग आधी जातो. वरून तेलकट बाम लावला तर लाल टिकतो, हिरवी चमक मरते. काढायला साबणाचं कोमट पाणी पुरतं, क्षारामुळे रंग सुटतो. हाच गुण कपड्यांना नडतो. करडईनं रंगवलेलं रेशीम साबणानं धुतलं तर रंग गेलाच समजा. ऊन हा दुसरा शत्रू. कार्थामिन प्रकाशात लवकर फिका पडतो, म्हणून वाटी पालथी ठेवण्याची रीत आहे. शोकेसमध्ये उघडी मांडून ठेवायची ही वस्तू नाही, कितीही मोह झाला तरी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तिसरी अडचण येते. हवेतल्या ओलीनं लेपाला डाग पडतात. वाटी तिच्या खोक्यात, खोकं हवाबंद डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि डबा कपाटात. फ्रीजमध्ये नको. बाहेर काढल्यावर वाटीवर दव धरतं आणि तेच लेपावर उतरतं.

शाकाहारी वाचकांसाठी एक मुद्दा मोठा आहे. बाजारातल्या बऱ्याच लाल लिपस्टिकमध्ये कारमाइन असतं, म्हणजे कोचिनियल किड्यांपासून काढलेला रंग, यादीत सी. आय. ७५४७० या क्रमांकानं. करडईच्या लालचा क्रमांक सी. आय. ७५१४०. बेनीत किडा नाही. ज्यांना देवाच्या कामाला किंवा उपासाच्या दिवशी हे चालत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे.

करडई आपल्याकडे परकी नाही. सोलापूर, परभणी, लातूरकडच्या रब्बी शेतात ती तेलासाठी पेरतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचे वाण काढले, ज्यामुळे पाकळ्या तोडणं सोपं झालं. कुसुंबी रंग याच फुलाचा. तरीही आज आपल्याकडच्या पाकळ्या जातात त्या काढ्याच्या चहात किंवा केशरातल्या भेसळीत. मग घरीच बेनी काढली तर? रंग म्हणून हात बसवायला जरूर करा, पण अपेक्षा बेताची ठेवा. चहाच्या पाकळ्या तोडून सरळ वाळवलेल्या असतात, 'निजवलेल्या' नसतात, त्यामुळे लाल कमी निघतो.

१०० ग्रॅम सुक्या पाकळ्या कापडात सैल बांधा आणि थंड पाण्यात चुरत धुवा. पाणी बदलत राहा, पिवळा जवळपास थांबेपर्यंत. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. मग एक लिटर थंड पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात पोटली तास-पाऊण तास चुरा. पाणी तपकिरी-लाल होईल. जास्त वेळ ठेवू नका, क्षारात कार्थामिन स्वतःच नासत जातो. गरम तर मुळीच करू नका, ४० अंशांच्या वर रंग तुटू लागतो. पाणी पिळून घेऊन त्यात व्हिनेगर थेंबाथेंबानं घाला, फेस थांबून रंग उघड लाल झाला की पुरे. आता त्यात धुतलेलं पांढरं सुती कापड रात्रभर बुडवा. कापड गुलाबी-लाल होतं, पिवळा पाण्यात राहतो. ते कापड स्वच्छ पाण्यात खळबळून, अगदी थोड्या, वाटीभर सोड्याच्या पाण्यात पिळा आणि त्यात सायट्रिक आम्ल घाला. लाल गाळ रात्रीतून तळाशी बसेल. गाळणकागदावर घेऊन चिनी मातीच्या बशीत पसरा. १०० ग्रॅम पाकळ्यांतून ग्रॅमभर रंगही हाताला लागत नाही. झळाळी आली नाही तर बहुधा पिवळा पुरता गेलेला नसतो. अशा वेळी कापडाची पायरी पुन्हा एकदा करायची. हा गाळ कागदावर, चित्रात वापरा. धुण्याच्या सोड्याची शुद्धता माहीत नसताना ओठांना लावू नये. एवढा खटाटोप एकदा केला की वाटीच्या किमतीबद्दलची तक्रार आपोआप कमी होते.

वाटी घ्यावी की डबी? इसेहानची चपट्या, झाकणाच्या डबीतली बेनीही मिळते. पर्समधून न्यायला तीच बरी आणि झाकण असल्यानं प्रकाश लागत नाही. पण डबीत कुंचला फिरवायला जागा कमी, त्यामुळे पाण्याचा अंदाज चुकतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी वाटीच घ्यावी. वाटीचा गोल आतला भाग कुंचल्याचं टोक आपोआप सारखं करतो आणि रंग संपल्यावर वाटी उरते. कुंचला नसेल तर ओल्या अनामिकेनं लावता येतं, जुनी रीत तीच, फक्त बोटाला क्रीम लागलेलं नको. गालांवर लावायची असेल तर वाटीतून घेतलेला रंग वेगळ्या बशीत तिप्पट पाण्यात पातळ करा. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावायचा थेंब मात्र दाट असावा.

तोक्योला जाणं होणार असेल तर आधी विकत घेऊ नका. मिनामी-आओयामा भागात इसेहानचं बेनी म्युझियम आहे, ओमोतेसांदो स्थानकापासून दहा-बारा मिनिटं चालत. कायमचं दालन फुकट पाहता येतं. पाकळ्यांपासून वाटीपर्यंतच्या पायऱ्या, जुन्या वाट्या, दात काळे करण्याची साधनं, सगळं एका छोट्या जागेत मांडलेलं आहे. तिथंच बेनी ओठांना लावून बघता येते आणि आपल्या ओठांवर किती थर लागतात हे पाच मिनिटांत कळतं. जाताना लिपस्टिक लावून जाऊ नका, पुसून काढलेल्या ओठावर तेलाचा अंश राहतो आणि चाचणी फसते. रविवारी आणि सोमवारी बंद असतं, बाकी दिवसांच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्या. वाटी द्रव नसल्यानं विमानात हातातल्या सामानात चालते. ती तिथंच ठेवावी, कारण चेक-इन बॅगेत आपटून चिनी माती फुटली तर लेपही गळून पडतो.